मुक्या संगणकांना बोलतं करणाऱ्या महानंदाबाई

आदरणीय महानंदाबाई हालगे यांची आणि माझी पहिली भेट केजच्या बसस्थानकावर झाली. तिथल्या अंधशाळेत संगीतशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मी आष्टीहून एसटीने एकटाच आलो होतो. उन्हाळ्याची दुपार होती. गर्दी पांगलेली होती, कुठेतरी रसवंतीची घुंगरं वाजत होती, आणि जीपवाले आळीपाळीने गावांची नावं पुकारत होते. मी खाली उतरून काठी उघडत होतो, तेवढ्यात अगदी जवळून, पण दचकवणार नाही असा आवाज आला, "मी महानंदा हालगे. शाळेतून आले. माझं कोपर तुमच्या उजव्या हाताशी हाय."

मला जन्मापासून दिसत नाही. तोवर कितीतरी लोकांनी माझं मनगट धरून मला रस्ता ओलांडून नेलं होतं. स्वतःचं कोपर पुढे करून थांबणारी माणसं फार थोडी भेटली होती. शाळेपर्यंतच्या वाटेवर बाई हळू आवाजात सांगत होत्या, आता डावीकडे बियाण्याचं दुकान, आता उतार, समोर लिंबाची सावली, आणि वर आभाळात एकच ढग, नुसता पांढरा, पाण्याचा नाही. प्रत्येक गोष्ट येण्याआधी तिची वर्दी मिळत होती. आपण कोणाच्या तरी स्वप्नातून चालतो आहोत आणि ते स्वप्न आपल्याला कुठेही ठेचकाळू देणार नाही, असं मला त्या दुपारी वाटलं. पुढे अनेक वर्षं त्यांच्यासोबत काम करताना ही भावना पुसली गेली नाही.

बाई केजच्याच. घर व्यापाऱ्याचं, वडिलांचं कापडाचं दुकान. मुलीनं शिकून दुकानाच्या हिशेबाला मदत करावी एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. त्यांनी अंधांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, मराठी शिकवू लागल्या, पुढे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. प्रार्थना संपली की त्या मुलांना त्या दिवसाचं आभाळ सांगत. एकदा एका मुलाने विचारलं, पिवळं म्हणजे कसं? बाई म्हणाल्या, मला सांगता येणार नाही. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवलेल्या तांब्याला हात लावून बघ, त्याच्या जवळपास काहीतरी असेल. येत नाही ते येत नाही म्हणायचं, आणि तरी तिथेच थांबायचं नाही, हा त्यांचा स्वभाव मला त्या उत्तरात पूर्ण सापडला.

माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा बाई दवाखान्यात आल्या. पाहुण्यांनी बाळ गोरं आहे, गुटगुटीत आहे, असं सांगून पेढे खाल्ले आणि ते निघून गेले. बाई माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी ते बाळ मला सांगायला सुरुवात केली. कपाळावर केसांची एक बट कशी उलटी वळली आहे, झोपेत ओठ कसे हलतात, डाव्या कानाची पाळी किंचित चिकटलेली आहे, जांभई देताना सगळा चेहरा कसा गोळा होतो. बाळ हालचाल करी तेव्हा त्या थांबत आणि नवं काय झालं ते सांगत. बाहेर ऊन कलून गेलं तरी त्यांना घाई नव्हती. माझ्या मुलीचा पहिला चेहरा माझ्याकडे आहे तो त्यांच्या शब्दांत आहे.

आता त्या प्रसंगाकडे वळतो, ज्यासाठी आमची शाळा बाईंची कायम ऋणी राहील.

शहरातल्या एका कार्यालयाने आपले वापरलेले संगणक आमच्या शाळेला भेट दिले. यंत्रं चांगली होती, सगळी एकाच कंपनीची, पण आतलं सगळं पुसून दिलेलं होतं. संगणक चालवणारी नेहमीची प्रणाली घालायची तर तिचा परवाना आमच्याकडे नव्हता, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं जे सॉफ्टवेअर त्या काळी लोक वापरत, ते विकत घेणं शाळेच्या आवाक्याबाहेरचं होतं. पुण्याच्या एका शिबिरात बाईंना लिनक्स नावाच्या प्रणालीची माहिती मिळाली. ती कोणीही घ्यावी, वापरावी, वाटावी. आणि तिच्यात वाचून दाखवणारा आवाज आधीच बसवलेला, तोही थोडंफार मराठी बोलणारा. बाई तिथून परतल्या त्या जणू माहेरची शिदोरी घेऊन आल्या. बरोबर आणलेल्या सीडीच्या तबकड्यांवरून त्यांनी एकेक संगणक सुरू केला.

पडदे उजळले, अक्षरं आली, चित्रं आली. बाई आनंदाने सांगत होत्या आणि आम्ही सगळे खुर्च्यांवर बसून ऐकत होतो. पण ऐकायला काहीच नव्हतं. पंख्यांची बारीक घरघर होती, बस्स. आवाजाची जी चिप त्या यंत्रात होती, तिला ही प्रणाली ओळखतच नव्हती. डोळस माणसासाठी तो संगणक उत्तम चालत होता. आमच्यासाठी तो एक गरम होणारा लोखंडी डबा होता.

बाईंनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की या यंत्रावर आम्ही फक्त आमच्या यादीतल्या प्रणालीसाठी मदत देतो. तुम्ही ती घाला, आवाज येईल. बाईंनी शाळा कोणाची आहे, मुलं कोण आहेत, ते समजावून सांगितलं. मुलीला वाईट वाटलं असावं, कारण तिने त्यांना वरच्या साहेबांशी जोडून दिलं. साहेबांनीही तेच सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस बाई मधल्या सुट्टीत फोन लावून बसत. प्रतीक्षेचं संगीत वाजत राही, मग नवीन आवाज येई, मग तीच यादी. त्यांनी त्या चिपची तांत्रिक माहिती तरी द्या, आम्ही आमचं बघतो, असंही विचारलं. ती माहिती बाहेर देता येत नाही, असं उत्तर आलं. त्या कोणावर चिडल्या नाहीत. फोन ठेवताना प्रत्येकाला धन्यवाद म्हणत.

आमच्या संस्थेचे सचिव, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांना संगणककक्षाचं उद्घाटन लवकर करायचं होतं. ते एका दुपारी आले. दुकानदाराशी आपलं बोलणं झालं आहे, तो बिनपरवान्याची प्रत टाकून द्यायला तयार आहे, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तसंच मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

"बाई, कावून एवढा जीव जाळता? समदे तेच टाकतेत. कोण बघायला येणार हाय?" आप्पा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "आप्पा, ह्या लेकरांना आजवर समद्यांनी उरलंसुरलं दिलं. आवाज तरी त्यांच्या हक्काचा असू द्या. उद्या कुणी येऊन काढून न्हेईल असा नको."

आप्पा खुर्ची सरकवून निघून गेले, आणि बरेच दिवस शाळेकडे फिरकले नाहीत. बाईंना ते लागलं होतं, हे मला त्यांच्या पावलांच्या आवाजावरून कळे. पण निर्णय बदलला नाही.

ज्या विद्यार्थिनीसाठी हे सगळं निकडीचं होतं, तिचं नाव अश्विनी. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, मुलगी आमच्या वसतिगृहात. ती दहावीला होती. आमच्या मुलांना परीक्षेत लेखनिक घ्यावा लागतो. मुलांनी सांगायचं आणि त्याने लिहायचं. आदल्या परीक्षेत तिच्या लेखनिकेने कंटाळून तिची वाक्यं आखूड केली होती. अश्विनीला लांब वाक्यं आवडत. तिने बाईंना सांगितलं होतं की माझा पेपर मीच लिहिणार. बाईंनी मंडळाकडे अर्ज केला आणि संगणकावर लिहायची परवानगी मिळवली. परवानगी हातात होती, आणि संगणक मुका होता.

मग बाईंनी वेगळा मार्ग धरला. ही प्रणाली जगभरातली माणसं मिळून सांभाळतात आणि आवाजाच्या भागाकडे लक्ष देणारे काहीजण आहेत, असं त्यांना शिबिरातल्या ओळखीतून समजलं. त्यांना बाईंनी ईमेल लिहिलं. इंग्रजी हा त्यांचा विषय नव्हे. एकेका वाक्यावर आम्ही दोघे बसलो, ते मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि पाठवलं. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ते आलं, उत्तरेकडच्या एका थंड देशातून, यान नावाच्या गृहस्थांचं.

यान यांनी लिहिलं की कंपनीने या चिपची माहिती दिलेली नाही, आणि असं यंत्रही माझ्याकडे नाही. त्यामुळे आवाजाची तार आत कुठल्या टोकाला जोडली आहे, ते अंदाजानेच शोधावं लागेल. मी संगणकाला द्यायच्या सूचनांच्या काही ओळी पाठवीन, तुम्ही त्या घाला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, आणि काय ऐकू आलं ते मला कळवा.

तो उन्हाळ्याआधीचा काळ माझ्या आठवणीत एकाच लांबलेल्या दुपारसारखा राहिला आहे. शाळा सुटलेली असे. खिडकीबाहेर लिंबाची पानं गळत, त्यांचा कोरडा आवाज येई. बाई ओळी टाईप करत, अश्विनी त्यांच्या शेजारी बसून त्या पाठ करत असे. बाईंचा तसा हट्टच होता. यंत्र पोरीचं आहे तर ओळीही पोरीलाच आल्या पाहिजेत, असं त्या म्हणत. आणि मी स्पीकरला कान लावून बसे. बहुतेक वेळा काही नसे. पण काही नसण्याचेही प्रकार असतात, हे मला तिथे कळलं. एक शांतता विहिरीसारखी खोल असते, एक दार लावलेल्या खोलीसारखी. एके दिवशी त्या शांततेत मला किंचित पोकळी जाणवली, जणू पलीकडच्या खोलीत कोणीतरी श्वास रोखून उभं आहे. मी तसं बाईंना सांगितलं. दुसरं कोणी हसलं असतं. बाईंनी ते तसंच्या तसं यान यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की हे फार उपयोगाचं आहे, विद्युतप्रवाह पोचतो आहे, फक्त दार बंद आहे; ऐकणारे गृहस्थ कोण आहेत? बाईंनी त्यांना आमच्या शाळेबद्दल सांगितलं. त्यानंतर यान यांची उत्तरं जवळजवळ रोज येऊ लागली.

आणि मग एक दिवस खरखर झाली, फुटक्या बासरीतून यावा तसा एक सूर आला, आणि एक विचित्र, यांत्रिक, नाकातला आवाज म्हणाला, "नमस्कार." बाईंनी तोच शब्द तिथे लिहून ठेवला होता. अश्विनीने तो पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा. पुन्हा. त्याचा उच्चार धड नव्हता, पण खोलीत कोणीच हललं नाही. थोड्या वेळाने बाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. "लई चांगला आवाज हाय," त्या म्हणाल्या.

पुढच्या काही दिवसांत बाकीचे संगणकही बोलू लागले. मधूनच आवाज गेला, तर यान यांनी दिलेल्या त्याच ओळी पुन्हा टाईप केल्या की तो परत येई. मी आयुष्यात पहिल्यांदा वर्तमानपत्र स्वतः वाचलं. वाचून दाखवणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी काहीतरी गाळतोच. मी निविदांच्या सूचना वाचल्या, हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिराती वाचल्या, गेवराईच्या एका सोसायटीच्या सभेचा अहवाल वाचला. कोणाचा वेळ खातो आहोत हे ओझं मनावर नव्हतं. त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरलो.

आणखी एक अडचण मात्र उरली होती. आवाज स्पीकरमधून येत होता, कानाला लावायच्या हेडफोनमधून नाही. यान यांनी त्यावर प्रयत्न सुरू ठेवले, पण परीक्षा जवळ आली तरी ते जमलं नाही. परीक्षाकेंद्राच्या प्रमुखांनी सांगितलं की बोलणारं यंत्र इतर मुलांमध्ये चालणार नाही. त्यांचं म्हणणं योग्यच होतं. बाई त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेल्या, आणि शेवटी केंद्रप्रमुखांनी कुंपणाच्या भिंतीलगतची खेळसाहित्याची खोली अश्विनीसाठी उघडून दिली. तिथे एक पर्यवेक्षिका, अश्विनी आणि तो संगणक. वीज गेली तर म्हणून बाईंनी बॅटरीही नेऊन ठेवली.

पहिला पेपर मराठीचा होता. बाई आणि मी भिंतीबाहेर लिंबाखाली बसलो होतो. सगळा परिसर परीक्षेच्या वेळी असतो तसा निपचित होता. भिंतीपलीकडून त्या यंत्राचा आवाज मला अंधुक ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती; अश्विनी वाक्य लिहायची आणि यंत्र ते तिला परत म्हणून दाखवायचं. वाक्यं लांब होती. ऐकता ऐकता माझी समाधी लागल्यासारखी झाली होती. बाईंना एवढ्या दुरून काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी मधून मधून त्यांना सांगत होतो की चाललंय, छान चाललंय.

मग तो आवाज थांबला. मी वाट पाहिली. लिहिताना माणूस थांबतो तसं ते थांबणं नव्हतं. वाक्याच्या मध्येच तुटलं होतं. बाईंना सांगावं की नाही, याचा मी क्षणभर विचार केला आणि सांगितलं.

बाई उठल्या. त्यांची पावलं फाटकापर्यंत गेली. तिथल्या शिपायाने अदबीने सांगितलं की पेपर सुरू असताना आत सोडता येणार नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्या परत आल्या, माझ्या शेजारी बसल्या.

"तिला येतंय," त्या म्हणाल्या. "तिला समदं येतंय. आपण बसू."

आम्ही बसलो. लिंबावर एक कावळा फांदी बदलत राहिला. दूर रस्त्यावरून एक एसटी गेली आणि तिचा आवाज विरून गेला. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. अश्विनी आता न बोलणाऱ्या यंत्रासमोर बसली आहे, कुठली कळ दाबली आहे हे सांगणारं तिला कोणी नाही, आणि पर्यवेक्षिकेला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या दुपारींमध्ये पाठ केलेल्या ओळी, एकही अक्षर न चुकता, निव्वळ बोटांच्या आठवणीवर टाईप झाल्या तरच आवाज परत येणार होता.

आणि तो आला. तोच नाकातला, खरखरीत आवाज, तुटलेल्या वाक्याच्या मध्यापासून. मी बाईंना नुसतं "सुरू झालं" एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पेपर सुटेपर्यंत तो काढला नाही.

अश्विनी बाहेर आली तेव्हा तिने त्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही. निबंधाला कागद कमी पडायची भीती नव्हती, म्हणून खूप लिहिलं, एवढंच म्हणाली. आज ती अंबाजोगाईला मराठी घेऊन एम.ए. करते आहे. तिचे आई-वडील निकालाला शाळेत आले होते. त्या संगणकासमोर उभे राहून वडिलांनी मुलीचं नाव त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि मग आईचं. त्या दिवशी आप्पाही आले. बराच वेळ कक्षात बसून राहिले, आणि जाताना बाईंना म्हणाले की उद्घाटन आता कशाला, ते तर झालंच.

हेडफोनचा प्रश्न यान यांनी काही महिन्यांनी सोडवला. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांनी ही सगळी दुरुस्ती मूळ प्रणालीतच घातली. आता तसं यंत्र जगात कुठेही असो, त्यावर ही प्रणाली घातली की ते आपोआप बोलतं. ते ज्यांच्याशी बोलतं त्यांना केज कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. बाईंना त्याचं फार समाधान आहे. कंपनीच्या मदतकेंद्रालाही त्यांनी फोन करून कळवलं, की आता तुमच्या यादीत हेही लिहून घ्या. यादी बदलली की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात या लेखासाठी काही गोष्टी विचाराव्यात म्हणून मी बाईंच्या घरी गेलो. त्यांना वेळ नव्हता. विदर्भातल्या एका अंधशाळेचा ब्रेल छापणारा प्रिंटर त्यांच्या संगणकाला ओळखू येत नव्हता आणि तिथले शिक्षक फोनवर होते. बाईंनी मला चहा दिला, बसवून घेतलं, आणि त्या शिक्षकांना एकेक ओळ सांगत राहिल्या. दुसऱ्या बाजूचे गृहस्थ वैतागलेले असावेत. बाई त्यांना म्हणत होत्या, "घाई करू नका. तुमी टाका, मी थांबते." मी खुर्चीत मागे रेललो. पंखा फिरत होता, बाहेर ऊन उतरत होतं. माझे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

बाई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या निवृत्तीने शाळेतली मुख्याध्यापिकेची खुर्ची रिकामी झाली, पण त्यांचा फोन रिकामा झालेला नाही. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे त्यांना त्रास न देवोत, झोप शांत लागो, घरी येणारी माणसं चांगल्या बातम्या घेऊन येवोत. आमच्या शाळेच्या वतीने, आणि बाईंना कधीही न भेटता त्यांच्यामुळे वाचू शकणाऱ्या सगळ्यांच्या वतीने, मी त्यांना मनापासून वंदन करतो.